ट्रेट म्हणजे ‘दोन बापांचा मुलगा’? काहीही!

इंजिनिअरिंगच्या प्लेसमेंट ग्रुपांवर सध्या एक चित्र फिरून राहिलं आहे. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं, वर ‘ओओपी इंटरव्ह्यूत हे बोललात तर संपलात’ असं शीर्षक (ओओपी म्हणजे ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग) आणि खाली सही म्हणून फक्त ‘एक सीनियर आर्किटेक्ट, अनुभवाचे बोल’. नाव नाही, गाव नाही. मजकूर थोडक्यात असा: रोल किंवा ट्रेट (काय ते खाली सांगते) वापरून वेगवेगळ्या क्लासना, म्हणजे ऑब्जेक्ट ज्यावरून बनतात त्या साच्यांना, एकच वागणूक देणं ही चूक आहे. तो मागच्या दाराने आलेला मल्टिपल इनहेरिटन्स, म्हणजे एका क्लासने दोन क्लासांचा वारसा घेणं, आहे, ‘दोन बाप असलेला मुलगा कोणाचं आडनाव लावणार?’ ती निव्वळ कॉपी-पेस्ट आहे. सामाईक कोड नेहमी एका बेस क्लासमध्येच, म्हणजे बाकीचे क्लास ज्यातून काढतात त्या वरच्या क्लासमध्येच, गेला पाहिजे. मोठ्या भाषांनी ही कल्पना नाकारली आहे, जावात ती नाही. वारशापेक्षा कंपोझिशन, म्हणजे काम दुसऱ्या ऑब्जेक्टच्या हाती सोपवणं, चांगलं, म्हणून ट्रेट वाईट. आणि शेवटी, ट्रेटमुळे प्रोग्रॅम हळू चालतो.

माझा भाचा हिंगणा रोडवरच्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये त्याने विचार करून, नीट ट्रेट लिहिले होते. हे चित्र मोबाइलवर आलं आणि पोराने रात्रीतून ते उपटून टाकले, सगळं एका बेस क्लासात कोंबलं आणि सकाळी मला फोन करून विचारतो, “आत्या, आता तरी बरोबर आहे ना?” नाही रे बाप्पा, आधी बरोबर होतं. चांगलं चाललेलं काम मोडायला लावणारा मेसेज ‘जाऊ दे, पोरं शिकतील’ म्हणून सोडून देणं मला जमलं नाही.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगते. पर्ल भाषेच्या मूस या लायब्ररीत आणि राकू या भाषेत तिला रोल म्हणतात, पीएचपीत ट्रेट. मी खाली दोन्ही शब्द वापरते आहे. क्लासच्या बाहेर लिहिलेला हा मेथड्सचा, म्हणजे क्लासला करता येणाऱ्या कामांचा, एक संच. त्याचं थेट ऑब्जेक्ट बनत नाही. एखादा क्लास तो संच घेतो आणि घेतला की त्या मेथड्स त्या क्लासच्याच होतात. संच काही मेथड्स देतो, तशा काही मागतोही: मला घ्यायचं असेल तर तुझ्याकडे अमुक मेथड असली पाहिजे. हे मागणं लक्षात ठेवा, चित्र काढणाऱ्याला ते बहुधा माहीतच नाही.

सगळ्यात घातक मुद्दा पहिले घेते, कारण पोरं त्यावरच हुकूम समजून कामाला लागली आहेत. ‘सामाईक कोड नेहमी बेस क्लासमध्येच.’

नागपूरच्या कळमन्याच्या बाजारातल्या एका अडत दुकानाचं सॉफ्टवेअर माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं. पीएचपीत, दुसऱ्या कोणी लिहिलेलं. संत्र्याच्या अडतीत कागद मुख्यतः चार. माल उतरला की आवक पावती, सौदा झाला की व्यापाऱ्याचं बिल, शेतकऱ्याला हिशोब द्यायची पट्टी आणि गाडी बाहेर निघताना गेट पास. चारही छापावे लागतात. चारहींत चुका होतात, म्हणून चारही रद्द करावे लागतात. लिहिणाऱ्याने चित्रातला सल्ला अगदी तंतोतंत पाळला होता. ‘कागद’ नावाचा एक बेस क्लास, त्यात छाप(), रद्द() आणि कर() (म्हणजे टॅक्स काढणारी) या मेथड्स, आणि चारही क्लास त्याच्यातून काढलेले.

रद्द() काय करत होती? बिल रद्द झालं की त्यावरचे क्रेट साठ्यात परत जमा. बिलापुरतं हे चोख आहे. गेट पास मात्र साठ्याचा कागद नाहीच. साठा बिल करतानाच वजा झालेला असतो, गेट पास फक्त फाटकावर दाखवायला. पण बेस क्लासने दिलं ते नाकारायची सोय नसते. मृग बहाराचा माल, फाटकाशी गाड्यांची रांग, घाईत मुनीमाच्या हातून गाडीचा नंबर चुकायचा. मग तो पास रद्द करून नवा काढायचा. प्रत्येक रद्द पासामागे, निघून गेलेल्या गाडीतले क्रेट कॉम्प्युटरवर पुन्हा साठ्यात उभे राहायचे. संध्याकाळी पडद्यावर माल दिसतो आहे आणि गाळ्यात झाडू मारून झालेला आहे, असा प्रकार. शिव्या मुनीमाने खाल्ल्या.

आधीच्या प्रोग्रॅमरने यावर केलेली दुरुस्ती तर फ्रेम करून भिंतीवर लावावी अशी होती. बेस क्लासच्या रद्द()मध्ये पहिली ओळ: हा गेट पास असेल तर साठ्याला हात लावू नको. तिच्याखाली: पट्टी असेल आणि शेतकऱ्याला पैसे देऊन झाले असतील तर थांब. तिच्याखाली: आवक पावती असेल तर जमा करू नको, उलट वजा कर. म्हणजे वरच्या क्लासला आपल्यातून निघालेल्या प्रत्येक क्लासचं नाव-गाव पाठ. पाचवा कागद आला की पुन्हा बेस क्लास उघडा, आणि तिथे एक अक्षर चुकलं की चारही कागद बिघडले. कर()चं रडगाणं तेच. ताज्या फळांवर जीएसटी शून्य. दुकानदार प्लॅस्टिकचे रिकामे क्रेटही विकायचा, त्याच्या बिलावर तेवढा कर लागायचा. या एका बिलाच्या सोयीसाठी मेथड बेस क्लासात टाकली आणि मग पट्टी, आवक पावती, गेट पास या तिघांत ती ‘शून्य परत दे’ म्हणून पुन्हा लिहिली. मेथड वर चढवायची आणि खाली जाऊन तीन ठिकाणी तिचं तोंड दाबायचं.

हे कच्च्या हाताचं काम, असं म्हणून कोणी सुटू नये. मोठ्यांच्या घरीही हेच झालं आहे. जावाच्या पहिल्या आवृत्तीपासूनचा स्टॅक हा क्लास व्हेक्टरमधून काढलेला आहे. व्हेक्टरमध्ये कुठल्याही जागी वस्तू घालता येते, म्हणून स्टॅकच्याही मधोमध घालता येते. वरून ठेवायचं, वरूनच काढायचं, हा स्टॅकचा एकमेव नियम, तोच वारसाहक्काने मोडला. आता जावाची अधिकृत माहितीच सांगते की याच्याऐवजी डेक वापरा. स्मॉलटॉक या भाषेत वाचता-लिहिता येणारा रीडराइटस्ट्रीम हा राइटस्ट्रीमखाली टांगलेला होता. आई-बाप एकच घेता येत असल्यामुळे वाचण्याच्या मेथड्स त्यात पुन्हा उतरवून काढाव्या लागल्या. कॉपी-पेस्ट, कॉपी-पेस्ट म्हणून जे ओरडतात, त्यांनी ही कॉपी बघावी. ती बेस क्लासच्या हट्टातून आली आहे.

आणि घरचंच उदाहरण हवं असेल तर लाराव्हेल हे पीएचपीचं फ्रेमवर्क घ्या, निम्मी पोरं त्यातच प्रोजेक्ट करतात. रेकॉर्ड खरोखर न पुसता ‘पुसलं’ अशी तारीख टाकून ठेवायची सोय, म्हणजे सॉफ्ट डिलीट, पूर्वी त्याच्या एलोक्वंट या डेटाबेसवाल्या भागाच्या मूळ मॉडेल क्लासमध्येच होती. तुमच्या मॉडेलमध्ये एक प्रॉपर्टी ट्रू करायची, की ती चालू. 2014 साली आलेल्या 4.2 आवृत्तीत त्यांनी ती प्रॉपर्टी काढून टाकली आणि तेच काम ट्रेटमध्ये हलवलं. ज्या मॉडेलला हवं त्याने ट्रेट घ्यावा, बाकीच्यांनी त्याचं ओझं वाहू नये. बेस क्लासमधून ट्रेटकडे, बरं का. चित्रातला बाण नेमका उलटा आहे.

अडत दुकानाचं काम मी असं मांडलं. खरा कोड पीएचपीत आहे, इथे समजायला मराठीत लिहिते, ट्रेटला ‘भूमिका’ म्हणून:

भूमिका साठा_परत
    मागते: साठ्याची_नोंद()
    देते: रद्द(), म्हणजे साठ्याची_नोंद() घे आणि तिची उलट नोंद टाक

क्लास बिल घेतो: छापणे, साठा_परत
क्लास आवक_पावती घेतो: छापणे, साठा_परत
क्लास पट्टी घेतो: छापणे
क्लास गेट_पास घेतो: छापणे

बिलाची मूळ नोंद ‘वजा’, तिची उलट ‘जमा’. आवक पावतीची मूळ नोंद ‘जमा’, तिची उलट ‘वजा’. त्या जर-तरच्या शिडीतली एक पायरी इथेच गळून पडली. पट्टीची आणि गेट पासची रद्द() त्यांच्या-त्यांच्या क्लासात, चार-दोन ओळींची, त्यांच्या नियमांची. आता कोणी उद्या घाईत गेट पासाला साठा_परत जोडलाच, तर? गेट पासाकडे साठ्याची_नोंद() नाही. पीएचपीत ट्रेटमध्ये ती अ‍ॅबस्ट्रॅक्ट मेथड (नुसतं नाव, अंग क्लासने लिहायचं) म्हणून मागितलेली असते, ती न पुरवणारा क्लास उभाच राहत नाही, फेटल एरर येतो. चूक फाटकावर गाड्या उभ्या असताना कळण्याऐवजी प्रोग्रॅमरच्या टेबलावर कळते. बेस क्लासला असं मागता येतं, कबूल, तिथेही अ‍ॅबस्ट्रॅक्ट मेथड असते. पण तिथे चौघांपैकी दोघांकडूनच मागण्याची सोय नाही. मग मधे आणखी एक ‘साठ्याचा_कागद’ क्लास घाला, आणि उद्या ‘पैशाचा_कागद’ लागला की बिल नेमकं कोणाखाली टांगायचं यावर डोकं खाजवत बसा, कारण बिल साठ्याचंही आहे आणि पैशाचंही.

आता दोन बाप.

हा मुद्दा वाचून मला राग कमी आणि हसू जास्त आलं. मल्टिपल इनहेरिटन्सची अडचण खरी आहे, पण ती नक्की काय आहे हे तरी सांगा. सी प्लस प्लसमध्ये तो 1989 च्या 2.0 आवृत्तीत आला. एकच वरचा क्लास दोन वाटांनी खाली पोचला, तर त्याचा डेटा खालच्या ऑब्जेक्टमध्ये एकदा यायचा की दोनदा? हा तो प्रसिद्ध डायमंड. म्हणून तिथे व्हर्च्युअल इनहेरिटन्सची वेगळी सोय करावी लागली. पायथनने दुसरा मार्ग धरला. सगळ्या पूर्वजांची एक ओळ लावायची आणि ओळीत आधी सापडेल त्याची मेथड घ्यायची. ओळ लावण्याची आजची रीत 2003 च्या 2.3 पासूनची. रुबीत मॉड्यूल इनक्लूड केलं की तेही ओळीत बसतं, आणि दोन मॉड्यूलमध्ये एकाच नावाची मेथड असेल तर नंतर इनक्लूड केलेलं जिंकतं. गुपचूप. कोणाला काही सांगत नाही.

या सगळ्यात वरून खाली येणारी साखळी आहे. रोलमध्ये ती नाही, आणि हे माझं मत नाही. 2003 साली जर्मनीतल्या डार्मश्टाटला झालेल्या युरोपियन ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग परिषदेत नथानाएल शेर्ली, स्तेफान ड्युकास, ऑस्कर निएरस्ट्राझ आणि अँड्र्यू ब्लॅक यांनी ट्रेटवरचा शोधनिबंध मांडला. पुढचं बहुतेक सगळं त्यातून निघालं आहे. त्यांनी सुरुवातच एकेरी वारसा, अनेकेरी वारसा आणि मिक्सिन (रुबीच्या मॉड्यूलसारखी मिसळायची सोय) या तिन्हींत काय-काय अडतं याची यादी करून केली. म्हणजे ज्या रोगाचा आरोप ट्रेटवर होतो आहे, त्यावरचं औषध म्हणूनच तो तयार झाला. त्यांचे नियम कडक आहेत. क्लासने स्वतः लिहिलेली मेथड ट्रेटच्या मेथडला मागे टाकते. ट्रेटची मेथड वरच्या क्लासकडून आलेल्या मेथडला मागे टाकते. ट्रेट कोणत्या क्रमाने घेतले याने काही फरक पडत नाही. आणि दोन ट्रेटनी एकाच नावाची वेगवेगळी मेथड आणली, तर निवाडा यंत्रणेने करायचा नाही, क्लास लिहिणाऱ्याने उघडपणे करायचा. ट्रेटमधून आलेली मेथड अशी वागते, की जणू ती त्या क्लासमध्येच टाइप केली होती. वर कोणी उभा नाही, वाट नाही, वळसा नाही.

त्यांचं उदाहरणही साधं आहे. वर्तुळाचा क्लास. आकाराचा एक ट्रेट, रंगाचा एक ट्रेट. दोघांकडेही ‘सारखं आहे का’ ही तुलना आहे, कारण दोन वर्तुळं मापाने सारखी असू शकतात आणि दोन रंगही सारखे असू शकतात. मग वर्तुळाची तुलना कोणती? क्लासने सांगायचं: मापाचीही बघ, रंगाचीही बघ, दोन्ही जुळले तरच होय. त्यासाठी दोन्ही जुन्या तुलनांना वेगळी नावं देऊन हाताशी ठेवता येतात. क्रमावर सोडलं असतं तर एक तुलना हरवली असती आणि लाल-हिरवी वर्तुळं एक ठरली असती.

तर आडनाव कोणाचं? कोणाचंच आपोआप नाही. पीएचपीत दोन ट्रेटमध्ये शीर्षक() असेल आणि क्लास काहीच बोलला नाही, तर प्रोग्रॅम चालतच नाही. अमुक ट्रेटची मेथड लावली नाही कारण तिची तमुकशी टक्कर आहे, असं नाव घेऊन सांगतो. तुम्ही इन्स्टेडऑफ लिहून एकीला निवडायचं, हवी तर दुसरीला अ‍ॅजने वेगळं नाव द्यायचं. मूसमध्येही तसंच, दोन रोलची टक्कर झाली की ती मेथड क्लासने स्वतः लिहावी किंवा एकीला वगळावं, अशी मागणी उभी राहते. ज्या गोष्टीची भीती घातली आहे, नेमकी तीच गोष्ट ही यंत्रणा होऊ देत नाही.

इथे एक अर्धसत्य मात्र मान्य करावं लागेल, नाइलाज आहे. त्या निबंधातल्या ट्रेटमध्ये डेटा ठेवायला जागाच नव्हती, म्हणून डायमंडची डेटावाली बाजू मुळातच नव्हती. पीएचपीने ट्रेटमध्ये प्रॉपर्टी ठेवू दिल्या, आणि तिथे एक खड्डा आहे. दोन ट्रेटमध्ये एकाच नावाची प्रॉपर्टी असेल आणि दोन्हींची व्याख्या वेगळी असेल, तर एरर येतो, ठीक. पण दोन्हींची व्याख्या अगदी सारखी असेल, समजा दोघांनीही शून्यापासून सुरू होणारी प्रायव्हेट ‘मोजणी’ ठेवली आहे, तर पीएचपी चकार शब्द काढत नाही. ऑब्जेक्टमध्ये एकच ‘मोजणी’ राहते आणि दोन ट्रेट एकमेकांच्या आकड्यात हात घालत बसतात. छापलेल्या प्रती मोजणारा ट्रेट आणि दुरुस्त्या मोजणारा ट्रेट यांनी असं केलं तर हिशोब कुठल्या कुठे जाईल. म्हणून ट्रेटमध्ये डेटा जमेल तितका टाळावा, आणि ठेवलाच तर नाव त्या ट्रेटपुरतं खास ठेवावं. स्कालातले ट्रेटही ओळ लावून चालतात, त्यांना वरचं सगळं जसंच्या तसं लागू नाही. चित्रकर्त्याने हे लिहिलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. त्याने आडनाव लिहिलं.

क्लासची स्वतःची मेथड गुपचूप जिंकते, हीसुद्धा दुधारी गोष्ट आहे. ट्रेट रद्द() देतो आहे हे माहीत नसताना कोणी क्लासमध्ये वेगळ्याच कामासाठी रद्द() लिहिली, तर ट्रेटची मेथड न बोलता बाजूला पडते. मूसमध्ये त्याच कुळातली आणखी एक गंमत आहे. दोन रोल एकाच विथमध्ये (विथ म्हणजे रोल घ्यायची ओळ) लिहिले तर टक्कर पकडली जाते. तेच दोन वेगळ्या विथमध्ये लिहिले की पहिल्याची मेथड तोवर क्लासची झालेली असते, दुसऱ्याची मुकाट्याने गळते, आणि ‘क्रमाने फरक पडत नाही’ हे वचन तिथे संपतं. म्हणून एकच विथ, सगळे रोल त्यात.

‘निव्वळ कॉपी-पेस्ट’ या आरोपावर फार वेळ घालवत नाही. परिणाम कॉपी केल्यासारखा आहे, हे खरंच आहे, मेथड क्लासमध्येच लिहिल्यासारखी वागते हे मी वरच सांगितलं. ट्रेटमधली स्टॅटिक प्रॉपर्टीसुद्धा प्रत्येक क्लासची वेगळी होते. पण कॉपी-पेस्टमध्ये वाईट काय असतं? चार ठिकाणी चिकटवलेलं पुढे चार ठिकाणी दुरुस्त करावं लागतं आणि तीनच ठिकाणी होतं. ट्रेटचा मूळ मजकूर एकाच फाइलमध्ये. तिथे सुधारलं की सगळीकडे सुधारलं. ज्या गोष्टीमुळे कॉपी-पेस्टला शिव्या पडतात तीच इथे नाही, मग शिवी कशाची?

जावात नाही म्हणे. जावा 8 मार्च 2014 मध्ये आलं, तेव्हापासून इंटरफेसमध्ये, म्हणजे क्लासने कोणत्या मेथड्स द्यायच्या त्या यादीत, डिफॉल्ट मेथड लिहिता येते, अंगासकट. दोन इंटरफेसनी एकाच नावाची डिफॉल्ट आणली तर क्लास ती स्वतः लिहीपर्यंत कंपाइल होत नाही. ओळखीचा नियम वाटतो ना? डेटा ठेवता येत नाही हा एक फरक, आणि तो तर मूळ निबंधाच्या जवळचाच. पीएचपीत ट्रेट 2012 च्या 5.4 पासून आहेत. लॅरी वॉल यांनी पर्ल 6 च्या 2004 च्या आराखड्यात रोल घातले, स्टीव्हन लिटल यांचं मूस 2006 चं, आणि ते पर्ल 6 आज राकू म्हणून ओळखलं जातं. रस्टने 2015 साली 1.0 काढताना क्लासचा वारसा ठेवलाच नाही, सामाईक वागणूक सगळी ट्रेटवर. ‘मोठ्या भाषांनी नाकारलं’ म्हणजे नक्की कोणी नाकारलं, त्याची यादी द्या.

कंपोझिशनच्या मुद्द्यात तर माणूस स्वतःच्याच पायात पाय घालून पडला आहे. चार ओळी वर म्हणतो बेस क्लास करा, इथे म्हणतो वारशापेक्षा कंपोझिशन बरं. अरे, एक काहीतरी ठरव. बाकी कंपोझिशन चांगलंच आहे आणि पुष्कळदा तेच हवं असतं. अडत दुकानात आधी थर्मल प्रिंटर होता, मग कोणीतरी व्हॉट्सअॅपवर पीडीएफ पाठवायला सांगितलं. छापायचं कुठे हे चालत्या प्रोग्रॅममध्ये बदलतं, म्हणून प्रिंटर हे वेगळं ऑब्जेक्ट, कागदाच्या हातात दिलेलं. त्याचा ट्रेट केला असता तर फसले असते. पण छापण्याचा मजकूर जुळवणं, म्हणजे शीर्षक, ओळी, बेरीज, हे त्या-त्या कागदाच्या स्वतःच्या मेथड्सवर उभं आहे. ते दुसऱ्या ऑब्जेक्टला सोपवलं तर प्रत्येक क्लासमध्ये निव्वळ इकडून तिकडे निरोप देणाऱ्या मेथड्स लिहीत बसावं लागतं. तिथे ट्रेट. दोन्ही एकाच प्रोग्रॅममध्ये, एकाच क्लासमध्ये सुखाने नांदतात.

मी मुलाखती घेते, तेव्हा सांगते: ट्रेट म्हटलं म्हणून मी कोणाला घरी पाठवलेलं नाही. एका क्लासवर रांगेने ट्रेट चढवून ठेवणारा उमेदवार भेटला की मात्र मी तिथेच थांबते आणि एखादी मेथड दाखवून विचारते, ही कुठून आली? मेथड सापडवायला फाइलींमागे फाइली उघडाव्या लागणं हा ट्रेटच्या अतिवापराचा खरा त्रास आहे. आणखी एक विचारते. पीएचपीत एखाद्या ऑब्जेक्टने अमुक ट्रेट घेतला आहे का, हे इन्स्टन्सऑफने विचारता येतं का? येत नाही. ट्रेट हा तिथे टाइप नाही. ‘रद्द करता येणारा कोणताही कागद चालेल’ असं फंक्शनला सांगायचं असेल तर जोडीला इंटरफेस लिहावा लागतो, इंटरफेस वचन देतो आणि ट्रेट ते पुरं करतो. मूस आणि राकूत रोलबद्दल थेट विचारता येतं. या दोन गोष्टी ज्याने सांगितल्या त्याला पुढे फार विचारावं लागत नाही.

राहिला वेग. पीएचपीत ट्रेटची मेथड क्लास तयार होतानाच त्यात बसते, नंतरची प्रत्येक हाक ही साध्या मेथडची हाक असते. मूस सुरू व्हायला वेळ घेतं, ही तक्रार जुनी आणि खरी आहे, त्यासाठीच मू नावाचा हलका पर्याय आला. पण तो वेळ क्लास उभारण्याचा, त्यात रोल असोत-नसोत. तुमचा प्रोजेक्ट हळू असेल तर आधी लूपमध्ये चालणाऱ्या डेटाबेस क्वेऱ्या बघा.

माझ्यावरही विश्वास ठेवू नका, करून पाहा. दोन ट्रेट लिहा, दोन्हींत एकाच नावाची पण वेगळं काही छापणारी मेथड. एका क्लासमध्ये दोन्ही घ्या, इन्स्टेडऑफ न लिहिता, आणि चालवा. फेटल एरर येईल, तो पूर्ण वाचा. मग तीच मेथड क्लासमध्येही लिहा आणि पुन्हा चालवा. या वेळी पीएचपी काही म्हणणार नाही, क्लासची मेथड वरचढ ठरलेली असेल. इंटरव्ह्यूत डायमंडचा प्रश्न आला तर हे दोन निकाल सांगा, दुसरा जास्त सावकाश.